शरीराबाद ते झॉलीवुड : ग्रामनामांच्या अंत्यपदांचा विनोदी वापर – एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठीतील ग्रामनामांचा विचार प्रामुख्याने इतिहासाच्या आणि व्युत्पत्तीच्या अंगाने होत आलेला आहे. एखाद्या गावाच्या नावाअखेर 'पूर' का, 'खेड' का, 'आबाद' केव्हापासून, हे प्रश्न अभ्यासकांना महत्त्वाचे वाटतात आणि ते तसे आहेतही. तथापि हीच अंत्यपदे गावापासून सुटी होतात, भलत्याच शब्दाला जाऊन चिकटतात आणि त्यातून हसू निर्माण करतात, या भाषिक व्यवहाराला मात्र विनोदाच्या कोपऱ्यात ठेवून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखात या व्यवहाराची काही मराठी उदाहरणे तपासावयाची आहेत. लेखाचे म्हणणे असे की, मराठीत अंत्यपदाची थट्टा ही नाव देण्याच्या अधिकाराशी बांधलेली असते. त्यामुळे अशा शब्दाचे मूल्यमापन करताना शब्द किती गमतीदार आहे एवढेच पाहून भागत नाही. तो कोणी कोणासाठी घडविला, हेही पाहावे लागते.

'अंत्यपद' आणि 'प्रत्यय' यांतील भेद आरंभीच स्पष्ट करणे इष्ट ठरेल. 'दर्यापूर' या नावातील 'पूर' हे नगर या अर्थाचे पद आहे. तेच पद जेव्हा स्थळाचा अर्थ मागे टाकून केवळ एखादी छटा सुचवू लागते, तेव्हा ते प्रत्ययाच्या वाटेवर असते. ही वाट इंग्रजीत पुष्कळ तुडविली गेली आहे.

इंग्रजीतील वाट आणि अमरावतीची वेस

इंग्रजीतील 'व्हिल' हे अंत्यपद फ्रेंचमधून आले आणि त्याचे मूळ लॅटिनमधील 'व्हिला', म्हणजे शेतावरचे घर, या शब्दात आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत नव्या वसाहतींना हे पद लावण्याची प्रथा पडली. लुईव्हिल, नॅशव्हिल ही नावे त्याच काळातील. नावे फार झाली आणि पदाचे अप्रूप संपले. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथील तरुणांच्या बोलीत कंटाळवाण्या गोष्टीला 'डल्सव्हिल' आणि जुनाट वळणाच्या गोष्टीला 'स्क्वेअर्सव्हिल' म्हणू लागले. येथे गाव उरलेले नाही. एखादे व्याख्यान, एखादी मेजवानी, एखादा माणूससुद्धा 'डल्सव्हिल' असू शकतो. 'हिक्सव्हिल' हा शब्द मात्र अर्धवट गावच राहिला. 'हिक' म्हणजे गावंढळ. म्हणून हिक्सव्हिल म्हणजे गावंढळांची वस्ती. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर या नावाचे खरेखुरे गाव आहे आणि ते हिक्स आडनावाच्या माणसावरून पडलेले आहे, ही गोष्ट थट्टा करणाऱ्याच्या खिजगणतीत नसते.

'बर्गर'ची कथा याहून सोपी आहे. हॅम्बर्ग या जर्मन शहरावरून 'हॅम्बर्गर' झाला. खाणाऱ्यांनी त्याचे 'हॅम' आणि 'बर्गर' असे दोन तुकडे पाडले. मग चीजबर्गर, व्हेजबर्गर यांना कोणत्याच शहराची गरज राहिली नाही.

'गेट'चे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. वॉशिंग्टनमधील वॉटरगेट या इमारतसमूहात १९७२ मध्ये झालेल्या घरफोडीतून राष्ट्राध्यक्षांच्या राजीनाम्यापर्यंत गेलेले प्रकरण उभे राहिले आणि तेव्हापासून कोणत्याही भानगडीला 'गेट' जोडण्याची पत्रकारांना सवय लागली. २००८ मधील सिडनी कसोटीच्या वादाला 'मंकीगेट' म्हटले गेले, २०१२ मधील कोळसा खाणवाटप प्रकरणाला इंग्रजी वृत्तपत्रांनी टूथपेस्टच्या नावाशी खेळत 'कोलगेट' म्हटले. मराठीत हे 'गेट' काही रुजले नाही. याचे एक कारण 'घोटाळा' या शब्दाचा दबदबा हे आहे. दुसरे कारण अमरावतीच्या जुन्या परकोटाभोवती फिरून आले की कळते. जवाहर गेट, अंबागेट, नागपुरी गेट ही तेथील रोजच्या बोलण्यातली नावे आहेत. अचलपुरास दुल्हा गेट आहे. ज्या प्रदेशात 'गेट' म्हणजे ज्याखालून रिक्षा जाते अशी दगडी कमान, तेथे त्या पदाचा अर्थ 'भानगड' असा होणे अवघड आहे. जे अंत्यपद अजून खऱ्या स्थळाला धरून आहे, ते सहजी सुटे होत नाही. याच कारणाने मराठीतील 'वाडी' वा 'पूर' यांचे 'व्हिल'प्रमाणे निव्वळ विशेषण झालेले नाही. आपला विनोदी शब्द बहुधा गावच राहतो. त्याला वेस असते, पार असतो, सरपंच असतो.

वऱ्हाडातील नावांची तऱ्हा

आमच्या वऱ्हाडात तर अंत्यपदांशी खेळण्यापेक्षा नावापुढे आणखी एक शब्द ठेवण्याची रीत अधिक. अमरावती जिल्ह्यातच चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे अशी दोन तालुक्यांची ठिकाणे आहेत. अंजनगाव सुर्जी, नांदगाव खंडेश्वर, तळेगाव दशासर. आमच्याच तालुक्यात शिरजगाव कसबा, आसेगाव पूर्णा, ब्राह्मणवाडा थडी. 'चांदूर' यातील 'ऊर' हे संस्कृत 'पुर'चे प्राकृत रूप की कानडी-तेलुगूतील गाव या अर्थाचा 'ऊर', हा वाद व्युत्पत्तिकारांवर सोपवू. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, ते अंत्यपद झिजून अर्थहीन झाल्यावर लोकांनी फारसीतून आलेला 'बाजार' आणि इंग्रजी 'रेल्वे' हे शब्द गावाची ओळख पटविण्यासाठी जोडून घेतले. आता नरखेड–अमरावती लोहमार्गामुळे चांदूर बाजारलाही रेल्वे स्थानक मिळाले आहे आणि चांदूर रेल्वेला बाजार तर भरतोच. नावे मात्र जिथल्या तिथे आहेत. येथे कोणा राजाने नाव दिले नाही. पत्ता चुकू नये एवढीच व्यवहारी गरज होती. अशा नावांवर सहसा कोणी विनोद करीत नाही, कारण त्यांत मिरविण्याचा भाव नाही. विनोदाला लागते ते मिरविणारे अंत्यपद.

एकनाथांचे 'शरीराबाद'

मिरविणाऱ्या अंत्यपदांत 'आबाद' आणि 'पूर' ही दोन पदे दख्खनेत अग्रगण्य होत. मुहंमद बिन तुघलकाने १३२७ मध्ये देवगिरीला राजधानी हलविली आणि देवगिरीचे दौलताबाद झाले. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेले खडकी पुढे फतेहनगर झाले, १६५३ मध्ये औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. एकाच शहराच्या या चार नावांत अंत्यपद प्रत्येक वेळी पालटले आहे आणि 'नगर' तर दोनदा आले आहे. अंत्यपद ही सत्तेची मोहर असते, असे म्हणण्यास याहून वेगळा पुरावा नको.

या मोहरेची थट्टा मराठीत फार जुनी आहे. संत एकनाथांनी (१५३३–१५९९) भारुडांबरोबरच दरबारी कागदपत्रांच्या धर्तीवर काही रचना केल्या. त्यांतील अर्जदस्त, म्हणजे वरिष्ठाला धाडावयाचा विनंतीअर्ज, या रूपातील रचनेत मनुष्यदेहाला 'शरीराबाद' हा परगणा आणि 'कायापुरी' हा किल्ला म्हटले आहे. तेथे जिवाजी नावाचा शेखदार आहे आणि बुधाजी नावाचा कारकून आहे. जीव आणि बुद्धी यांना 'जी' लावून नोकरीत भरती केले आहे! फारसी 'आबाद' संस्कृत 'शरीर' या शब्दाला जोडताच जो खडखडाट होतो, त्यात या रचनेचा सारा विनोद साठविलेला आहे.

या शब्दाकडे केवळ रूपक म्हणून पाहण्याची आपली सवय आहे: देह हा परगणा, जीव हा अधिकारी, परमेश्वर हा धनी. रूपक खरेच आहे. परंतु ते 'देहनगर' असे म्हणूनही साधले असते. 'आबाद'च का, हा प्रश्न समीक्षेने विचारला पाहिजे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार होते, असे परंपरा सांगते आणि एकनाथांची उमेदवारीची वर्षे त्यांच्याजवळ गेली, असेही सांगते. म्हणजे ज्या गडाला 'दौलताबाद' हे नाव राजाज्ञेने मिळाले होते, त्याच गडावर हिशेबाचे कागद हाताळीत या कवीने दिवस काढले. दौलतीने आबाद झालेला किल्ला तो रोज पाहत होता. हा देह कशाने आबाद आहे आणि तो ओस पडावयास किती वेळ लागतो, हा प्रश्न त्याने त्याच लेखणीने, त्याच कागदी भाषेत मांडला. अंत्यपदाची मोहर तशीच उचलून भलत्या जागी उठविली की मोहरेचेच वजन उतरते. विशेष म्हणजे या विनोदात कोणतेही गाव हलके ठरत नाही, कोणी गावकरी हास्यास्पद होत नाही. शरीराबादचा रहिवासी प्रत्येक जण आहे, स्वतः कवीही आहे.

येथे एका गैरसमजाचाही निर्देश करावयास हवा. 'जिंदाबाद' आणि 'मुर्दाबाद' यांतील 'बाद' हा 'असो' या अर्थाचा फारसी शब्द आहे. वस्ती असलेला या अर्थाच्या 'आबाद'शी त्याचा संबंध नाही. तरी दोहोंचा ध्वनी कानाला सारखा लागतो आणि सभेतील घोषणांत शहराच्या नावाशी यमक जुळविताना हा गोंधळ उपयोगीही पडतो.

'वाडी'चा उतार

'शरीराबाद'मध्ये थट्टा वरच्या दिशेने, मोहर उठविणाऱ्याकडे जाते. 'वाडी'च्या बाबतीत दिशा पालटते. 'वाडी' हा शब्द 'वाटिका'पासून आला. नारळाची वाडी, फुलांची वाडी हा अर्थ आजही जिवंत आहे आणि मोठ्या गावाच्या आश्रयाने असलेली छोटी वस्ती हा त्याचा दुसरा अर्थ. लॅटिन 'व्हिला' आणि मराठी 'वाडी' यांचा प्रवास असा समांतर आहे: शेतमळा, वस्ती आणि मग शहरी माणसाचे हसू.

तथापि हे हसू आपोआप आलेले नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' (१९५५) या कादंबरीच्या नावात तीच 'वाडी' आहे. तेथे कोणाला हसू येत नाही. द. मा. मिरासदारांची 'भोकरवाडी' विनोदी कथांची भूमी खरी; पण भोकर हे झाड आहे, झाडावरून वाडीला नाव पडणे ही नित्याची गोष्ट आहे आणि भोकरवाडी नकाशावर कोठेही सापडू शकेल असे वाटते. विनोद तेथील नाना चेंगटाच्या स्वभावातून आणि पारावरच्या गप्पांतून येतो, गावाच्या नावातून नव्हे. परेश मोकाशी यांच्या 'मुक्काम पोस्ट बोंबिलवाडी' या नाटकात (ते २०२५ मध्ये चित्रपटरूपाने आले) पाऊल थोडे पुढे पडते. झाडाऐवजी मासळी आली, 'बोंब' या शब्दाचा ध्वनी आला आणि 'मुक्काम पोस्ट' या टपाली शब्दांनी त्या नावाला सरकारी गांभीर्य दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील बडी धेंडे कोकणातल्या वाडीत आणण्याचा खेळ या नावाला शोभतो. मोठे लोक तेथे येऊन लहान होतात.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या' या दूरचित्रवाणी कार्यक्रमातील 'थुकरटवाडी' येथे मात्र पायरी उतरलेली दिसते. 'थुकरट' हे झाडाचे, कुळाचे, मासळीचे नाव नसून दर्जाहीन या अर्थाचे विशेषण आहे. अशा नावाची वाडी असू शकत नाही. नाव घेताच निकाल लागलेला असतो. या वाडीत नव्या चित्रपटाचे नट-नट्या पाहुणे म्हणून येत, त्यांचे स्वागत होई आणि गाव त्यांच्यापुढे आपल्या अजागळपणाचे प्रदर्शन मांडी. बोंबिलवाडीत पाहुणा लहान होत होता, थुकरटवाडीत यजमान लहान होतो. कार्यक्रमातील कलावंतांच्या गुणवत्तेविषयी शंका नाही. त्यांतील कित्येक लहान गावांतून आलेले आहेत. अमरावती जिल्ह्यातील भारत गणेशपुरे यांनी त्यात वऱ्हाडी बोली घरोघरी पोहोचविली, ही लहान गोष्ट नव्हे. (त्यांच्या आडनावातच 'पूर' आहे. गणेशपुरे, नागपुरे अशी आडनावे 'कर'शिवाय गावाशी नाते सांगतात, हा विदर्भाचा एक विशेष होय.) आक्षेप नावाच्या घडणीला आहे. वऱ्हाडी बोली थुकरटवाडीच्या पत्त्यावरून बोलली जाऊ लागली की बोलीलाही तोच पत्ता चिकटतो. शिरजगाव किंवा करजगावाहून महाविद्यालयात येणारी मुले बाहेरगावी गेल्यावर आपले गाव 'अमरावतीजवळ' एवढेच सांगतात, याचे सारे खापर एका विनोदी कार्यक्रमावर फोडणे अन्यायाचे होईल. पण गावाच्या नावाचे हसे होते ही धास्ती त्यांनी कोठून तरी उचललेली असते.

'वाडी'चा सख्खा भाऊ 'वाडा'. त्याच्या संदर्भात हा प्रश्न विनोदापलीकडे जातो. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. नावाच्या पूर्वार्धातील जात काढून टाकण्याचा हेतू स्पष्ट आणि योग्य होता. परंतु उत्तरार्धही बदलला, याकडे फारसे लक्ष गेले नाही. 'वाडा' जाऊन 'नगर' आले. ज्यांना पिढ्यान् पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले त्यांच्या वस्तीला नागर अंत्यपद मिळाले. जे अंत्यपद विनोदी लेखक हसे करण्यासाठी वापरतो, त्याच्या कुळातले अंत्यपद दुसऱ्या कोणाच्या आयुष्यात अपमानाची खूण असू शकते. 'थुकरटवाडी' ऐकताना हसू येणे न येणे हे ऐकणारा कोणत्या टोकाला राहतो यावर अवलंबून असते.

'कर' : गावाविना गावकरी

इंग्रजी 'व्हिल'प्रमाणे स्थळापासून खरोखर सुटा झालेला मराठी प्रत्यय एकच, तो म्हणजे 'कर'. तो काटेकोर अर्थाने गावाच्या नावाचे अंत्यपद नाही. गावाच्या नावाला लागून माणूस घडविणारा प्रत्यय आहे. गाडगेबाबांचे मूळ आडनाव जानोरकर होते. येथपर्यंत सारे सरळ आहे. मात्र 'पुणेकर' या शब्दाने रहिवासापेक्षा वृत्तीचा अर्थ घेतला आणि पुण्यात न राहणाराही 'अगदी पुणेकर' ठरू लागला. त्याहून पुढची पायरी संगणकावरील मराठी मंडळींनी ओलांडली. १९९६ मध्ये सुरू झालेल्या मायबोली या संकेतस्थळाचे सदस्य स्वतःला 'मायबोलीकर' म्हणू लागले, २००७ नंतर मिसळपाव या संकेतस्थळाचे 'मिपाकर' झाले. येथे गाव नाही, वेस नाही, सातबारा नाही. परदेशातील घरांतून लिहिणाऱ्या माणसांनी 'कर' लावून स्वतःपुरते गाव वसविले. 'नेटकरी' हा वृत्तपत्रांचा लाडका शब्द मात्र या कुळातला नव्हे. तो 'शेतकरी', 'वारकरी' यांच्या पंगतीतील 'करी' होय आणि त्याचा अर्थ रहिवासाचा नसून उद्योगाचा आहे.

वऱ्हाडी बोलण्यात 'कर'पेक्षा 'वाला' अधिक चालतो. 'चांदूरवाला' म्हणताना ना आडनावाचा आब येतो ना वृत्तीचा शिक्का बसतो.

'वुड' : मालेगाव आणि झाडीपट्टी

आयात केलेल्या अंत्यपदांत 'वुड'ने महाराष्ट्रात जे केले आहे, ते स्वतंत्र विचारास पात्र आहे. १८८७ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या जमिनीच्या तुकड्याला दिलेले हॉलीवुड हे नाव पुढे चित्रपटधंद्याचे नाव झाले. १९३२ मध्ये विल्फोर्ड डेमिंग या अमेरिकन तंत्रज्ञाने कलकत्त्याच्या टॉलीगंजमधील चित्रनिर्मितीसाठी 'टॉलीवुड' हा शब्द योजिला. 'बॉलीवुड' त्याच्या कितीतरी नंतरचे. बारकाईने पाहिल्यास चिकटणारा तुकडा 'वुड' एवढाच नसून 'ऑलीवुड' असा आहे. मूळ गावाचे पहिले व्यंजन तेवढे शिल्लक राहते. बॉम्बेचा 'ब' उरतो, बाकी सारे हॉलीवुडचे.

नाशिक जिल्ह्यातील मालेगावाच्या बाबतीत हे विशेष डोळ्यांत भरते. यंत्रमागांच्या या गावात शेख नासिर यांनी 'मालेगाव के शोले' (२०००) हा चित्रपट तुटपुंज्या साधनांनी काढला आणि तेथील हौशी चित्रनिर्मितीला 'मॉलीवुड' हे नाव पडले. (मल्याळी चित्रसृष्टीसही हेच नाव आहे, 'म'चे दोन दावेदार.) येथे 'गाव' हे अंत्यपद गळून त्याच्या जागी 'वुड' आले. 'गाव' टाकले म्हणजे गावपण टाकले, असा अर्थ काढणे मात्र चुकीचे ठरेल. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटातून जी माणसे दिसतात, ती मुंबईच्या चित्रपटांची विडंबने आपल्या बोलीत आणि आपल्या गल्लीत रचतात. त्यांचे चित्रपट जसे विडंबन, तसे त्यांचे नावही विडंबन. हॉलीवुडची मोहर त्यांनी आपल्या हाताने आपल्या दारावर उठविली. एकनाथांच्या 'आबाद'शी या 'वुड'चे नाते लागते, थुकरटवाडीशी नव्हे.

विदर्भाच्या पूर्व टोकाला असेच घडले. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या भागाला झाडीपट्टी म्हणतात. धानाचा हंगाम आटोपला की तेथे रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा हंगाम सुरू होतो; देसाईगंज, म्हणजे वडसा, हे त्या व्यवसायाचे केंद्र. मंडळ्या, नट, गायक, नेपथ्य, जाहिरात असा पसारा असलेल्या या रंगभूमीला 'झॉलीवुड' म्हटले जाऊ लागले आणि २०२२ मध्ये तृषांत इंगळे दिग्दर्शित 'झॉलीवूड' हा चित्रपटही आला. हा शब्द चमकदार आहे. वस्तुतः 'वुड' म्हणजे झाडी! हॉलीवुडात आता वन उरलेले नाही, बॉलीवुडात कधी नव्हतेच. झाडीपट्टीत मात्र ते खरोखर आहे. 'झॉलीवुड' म्हणजे 'झाडी' हा शब्द दोन भाषांत दोनदा उच्चारणे होय. घडविणाऱ्याला हे ठाऊक असो वा नसो, अंत्यपद येथे आपल्या मूळ अर्थावर परत आले आहे.

पण एक फरक नोंदविला पाहिजे. 'मॉलीवुड'मधील माणसे हॉलीवुडचेच माध्यम हाताळतात. झाडीपट्टीचे माध्यम नाटक आहे, त्याची परंपरा दंडारीपासून येते आणि तिला चित्रपटधंद्याचे अंत्यपद लावले की परंपरा स्वस्त नक्कल वाटू लागण्याचा धोका संभवतो. बातमीच्या मथळ्याला 'झॉलीवुड' सोयीचे असते; रंगकर्मींच्या सन्मानाची भाषा मात्र वेगळीच राहिली आहे. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांची ओळख झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत अशीच दिली गेली.